सरांचं उसनं नाक

सरांची नवरी मी कुकरमध्ये घालून मारली. वीस मिनिटं, पूर्ण वाफेवर.

हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर पुढे सरांच्या गमती ऐकताना तुम्ही मलाही गमतीदार गुरूचा गमतीदार चेला समजून बसाल. तशी चूक सरांनी एकदा केली आहे, तेवढी पुरे.

नवरी म्हणजे बाई नव्हे. ती काचेच्या एका नळीत राहायची. नळीत तिरकी जेली, जेलीवर सायीसारखा पांढुरका थर. यीस्ट. पाव फुगवायला घालतात त्याच गोतावळ्यातली, पण गावाशी संबंध न ठेवलेली, रानातली. मणिबेलीच्या बाजूला, धरणाचं पाणी जिथे संपतं त्याच्या वरच्या उतारावर जांभळ्या फुलांचा एक वेल आहे. त्याच्या फुलात मोहरीच्या दाण्याएवढा काळा भुंगेरा असतो, आणि त्या भुंगेऱ्याच्या अंगाला लागून ही असायची. शास्त्राच्या कुठल्याही यादीत तिचं नाव नव्हतं. काठी गावाच्या डोंगरात तसल्याच वेलावर तिचा जोडीदार सापडला होता, तो दुसऱ्या नळीत. दोघं वेगळी ठेवली तर आपापल्या नळीत नुसती वाढत बसायची. एका थेंबात कालवली, की आठवड्याभरात त्यांचं जमायचं आणि लांबट पिशवीत एक सुई तयार व्हायची. बीजाणू. इतर यीस्टांचे गोल, वाटाण्यासारखे. यांची सुई, आणि तीही अशी लांब, की सरांना कुठल्या पुस्तकात सापडेना.

पहिल्यांदा ती दिसली तेव्हा सर सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून ओरडले होते, "दख, दख! गोधडी शिवानी सुई!" आणि मी डोळा लावेपर्यंत त्यांनी आनंदानं टेबल असं हलवलं की मला काहीच दिसलं नाही. पण मी "वा सर" म्हणालो. माझ्या खोटेपणाची सुरुवात तिथूनच धरायला हरकत नाही.

सर आमच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवत. तापीकाठच्या एका गावचे. भाऊ शेती करायचे, हे नोकरी. वर्गात शुद्ध मराठी, वर्गाच्या उंबऱ्याबाहेर अहिराणी. मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकून आलेला, आमचीही तापीकाठी केळी आणि ऊस, आणि नोकरी तासिका तत्त्वावर. म्हणजे आज आहे, उद्या प्राचार्यांच्या मनात असेल तर आहे. मुलाखतीला सर समोर बसले होते. माझी प्रमाणपत्रांची फाईल त्यांनी उघडली नाही. नाकाला लावली.

"ट्रंकेत ठेवता. डांबरगोळ्या. शेजारी लोणच्याची बरणी होती, ती सांडली होती."

मी हो म्हणालो. लोणचं पदवीच्या प्रमाणपत्रावरच सांडलं होतं.

"फुलात काय असतं?"

मी पुंकेसर, स्त्रीकेसर, मकरंद, परागकण असं पाठ म्हणू लागलो. सरांनी हात वर केला.

"दारू असते. फूल म्हणजे दारूचा पिठा. मकरंदात यीस्ट उतरली की आंबायला लागतं. मालक फूल, गिऱ्हाईक माशी, आणि दारू गाळणारी आपली ही बया. तिला कुणी विचारत नाही. आपण विचारायचं."

प्राचार्य खोकले. माझी निवड झाली.

सरांचं नाक म्हणजे आमच्या कॉलेजातलं एकमेव चालू स्थितीतलं उपकरण. बाकी सगळं बिघडलेलं. निर्जंतुकीकरणाचं यंत्र तर मी यायच्या आधीपासून बंद होतं, म्हणून सरांनी घरचा पाच लिटरचा कुकर आणून ठेवला होता. काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, तेव्हापासून डाळ पातेल्यात शिजवत. कधी फोन आला आणि मी उचलला की पहिला प्रश्न तोच: "मन्हा कुकर कव्हय देशात?" आणि मी प्रत्येक वेळी सांगायचो, "यंत्र दुरुस्त झालं की लगेच, काकू." हे खोटं मात्र माझ्या एकट्याचं नव्हतं, त्यात प्राचार्यही होते.

सर नळ्या हुंगून ओळखायचे. झाकणाचा कापूस काढायचा, नळी नाकाखालून एकदा इकडून तिकडे न्यायची, बस्स. "हा पळसाचा, पाण्यात पडलेला." "ही मोहाची, हिच्यात दुसरं कुणीतरी घुसलंय, फेक." आणि खरंच सूक्ष्मदर्शकाखाली दुसरं कुणीतरी घुसलेलं असायचं. मणिबेलीच्या नवरीला पिकलेल्या सीताफळाचा वास होता. काठीच्या नवऱ्याला जवळजवळ नव्हताच. सर म्हणायचे, नवरे असेच असतात.

"डोळा फसतो," ते मला सांगत. "कान तर फसवून घ्यायलाच बसलेला असतो. नाक तेवढं सरळ आहे, राजा. त्याला ओशाळं होता येत नाही."

रानात जायच्या आधी तीन दिवस साबण बंद. तेल बंद, पावडर बंद. फुलाजवळ माणसाचा वास गेला की भुंगेरे उडतात आणि स्वतःच्या नाकातही स्वतःच भरून राहतो, असं त्यांचं म्हणणं. मणिबेलीला बोटीनं जावं लागतं. एप्रिलसारखं ऊन, आम्ही दोघे तीन दिवसांचे मुरलेले, सरांच्या एका हातात छत्री, दुसऱ्या हातात नळ्यांचा थर्मास. बोटवाल्यानं दोन क्षण वारा कुठून येतो ते पाहिलं आणि आम्हाला अगदी मागच्या टोकाला बसवलं. सरांना केवढा आनंद झाला! "दखा ना, यास्ले नाकनी कदर शे!"

अक्कलकुव्याला चहा प्यायला थांबलो की सर ग्लासात पडलेली माशी फेकू द्यायचे नाहीत. खिशातून नळी काढून तिला चालायला लावायचे. जेलीवरून ती चालली की पायांचे ठसे उमटत, आणि दोन दिवसांनी त्या ठशांवर यीस्ट उगवे. चहावाला इतर गिऱ्हाइकांना सांगायचा, "आरोग्य खात्याचे साहेब आहेत, काही बोलू नका." काठीच्या होळीला सगळी माणसं मोरपिसांचे टोप आणि कमरेची घुंगरं बघत होती, तेव्हा हे एका नाचणाऱ्याच्या मागे लागले होते. त्याच्या टोपावर एक मधमाशी बसली होती, आणि ती उठेपर्यंत त्यानं हलू नये, असं सरांचं म्हणणं.

आता नळ्यांवरच्या चिठ्ठ्यांचं सांगायला हवं, कारण माझं पाप तिथून निघालं.

सर लग्नपत्रिका जमवत. आलेल्या, न आलेल्या, शिक्षकांच्या खोलीत पडलेल्या. पत्रिकेचा कागद जाड असतो, फ्रीजच्या ओलीनं गळत नाही. त्याच्या पट्ट्या कापून ते नळ्यांवर चिकटवत, मागच्या कोऱ्या बाजूला जागा आणि दिवस लिहून. या जोडीसाठी त्यांनी मुद्दाम निवडून पट्ट्या कापल्या होत्या. नवऱ्याच्या नळीवर सोनेरी छपाईत 'चि.' आणि नवरीच्या दोन्ही नळ्यांवर 'चि. सौ. कां.'. दोन यासाठी, की महत्त्वाचं काही एकाच नळीत ठेवायचं नाही, हा त्यांचा नियम. नवरा त्या महत्त्वाच्यात धरलेला नव्हता.

मोठ्या शहरातल्या एका जाणकारांशी सरांचा पत्रव्यवहार चालला होता. त्यांनी लिहिलं: जोडी पाठवा, सुईचा फोटो पाठवा, नवी जात असेल तर नाव देऊ. सरांकडे फोटो नव्हता, हातानं काढलेलं चित्र होतं. ते म्हणाले, एकदा परत सुई पाहू, फोटो काढू, मगच पाठवू. आपण स्वतः दोनदा पाहिल्याशिवाय दुसऱ्याला पाहा म्हणायचं नाही.

आणि कोरोना आला. दुसऱ्या लाटेत सर आजारी पडले. नंदुरबारला दवाखान्यात तीन आठवडे, त्यातले काही दिवस ऑक्सिजनवर. मग घरी. कॉलेजात मी एकटा, दर दोन महिन्यांनी नळ्या ताज्या जेलीवर उतरवायचं काम माझ्यावर सोपवलेलं. काकूंच्या फोनवरून सर धापा टाकत विचारत, "जोडी बरी शे ना?" मी म्हणायचो, "एकदम मजेत."

लाट ओसरली तशी प्राचार्यांना चिठ्ठी आली: कॉलेज तपासायला समिती येणार. सगळीकडे झाडलोट. मी फ्रीज उघडला आणि त्या 'चि. सौ. कां.' बघून मला घाम फुटला. समितीतले लोक विचारतील हे काय, आणि मी काय सांगू? मी शहरात शिकलेला माणूस. ठरवलं, सगळ्या पट्ट्या काढायच्या आणि संगणकावर इंग्रजीत छापलेल्या चिठ्ठ्या लावायच्या. सर परत आले की खूश होतील, असंही मनात आलं. ही माझी जुनी खोड आहे; ज्याचं नुकसान करायचं, त्याला खूश करायला निघतो.

स्त्रीदाक्षिण्य म्हणून आधी नवरीच्या दोन्ही नळ्या घेतल्या. पट्ट्या पाण्यानं भिजवून काढल्या. नळ्या ओल्या, म्हणून लाकडी स्टँड खराब होऊ नये यासाठी शेजारच्या पत्र्याच्या डब्यात उभ्या केल्या. तो डबा सरांचा मारायचा डबा. वापरून झालेलं, टाकायचं ते त्यात, मग कुकरमध्ये उकळून नळ्या धुवायच्या. मला हे माहीत नव्हतं का? रोज मीच करत होतो. पण प्रिंटरमध्ये कागद अडकला, तेवढ्यात प्राचार्य आले, स्वागताचा फलक तिरका झालाय म्हणाले, तो सरळ करायला मी शिडीवर चढलो. परत आलो तर डबा भरलेला दिसला. मला वाटलं, वा, हे एक काम राहिलंय. आणि मी कुकर लावला.

शेवटची शिट्टी झाल्यावर आठवलं.

झाकण उघडलं तेव्हा जेली पातळ होऊन तळाशी गेलेली. दोन्ही नळ्या. मी खुर्चीवर बसलो आणि जे केलं ते रडण्यापेक्षा वाईट होतं. मी हिशोबीपणानं विचार करू लागलो. प्राचार्यांना कळलं तर तासिका गेल्या. सरांना कळलं तर... सरांचा विचार दुसरा आला, हे लिहून ठेवतो. मग मी बाजारात गेलो, किराणा दुकानातून पाव करायच्या यीस्टची पुडी आणली, साखरेच्या कोमट पाण्यात फुलवली, आणि दोन नव्या नळ्यांवर तिच्या रेघा ओढल्या. तीन दिवसांत साय धरली. दिसायला हुबेहूब. पट्ट्यासुद्धा मी पुन्हा त्याच चिकटवल्या, वाळवून. चि. सौ. कां.

एक भीती होती: सरांचं नाक. ते कापूस काढतील आणि म्हणतील, ही कोण?

सर आले ते जुलैत. शर्टात दोन सर मावतील एवढे उतरलेले. कुणाशी बोलण्याआधी त्यांनी फ्रीज उघडला, नवरीची नळी काढली, कापूस काढला, नळी नाकाखालून नेली. मी भिंतीला टेकलो. त्यांनी परत नेली. मग उलट बाजूनं. मग खुर्चीवर बसले.

"माले काहीच वास नही ई ऱ्हायना," ते म्हणाले. "घरी वाटलं, घरचंच काही कळत नाही. इथे येईल वाटलं होतं."

असं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. माझ्या छातीवरचा दगड मात्र उतरला, आणि तो उतरला याचीच आज जास्त लाज वाटते.

त्यांनी नळी माझ्यापुढे धरली. "तू हुंग. कसाना वास शे?"

पावाचा होता. ताज्या, फुगलेल्या पावाचा, अगदी भट्टीसमोर उभं राहिल्यासारखा.

"सीताफळ, सर," मी म्हणालो. "पिकलेलं."

सरांचा चेहरा उजळला. "शे ना? मग ठीक. माझं गेलं तर गेलं, तिचं शाबूत आहे."

त्या क्षणी मी स्वतःला समजावलं की ही दया आहे. आजारातून उठलेल्या माणसाला कुणी असा धक्का देतं का? चार दिवसांनी सांगू. चार दिवसांनी सरांनी जोडी कालवली, आणि मग रोज सकाळी प्रश्न: "वास?" "सीताफळ, सर." आठवड्यानं त्यांनी डोळा लावला. सुई नाही. जेली बदलली. गाजराच्या रसाची केली, टोमॅटोची केली, साखर कमी केली, थंडीत ठेवली, सावलीत ठेवली. सुई नाही. काठीचा नवरा बिचारा पावाच्या पिठाशी संसार करायला बसवलेला, काय होणार? प्रत्येक वेळी सर आधी मला हुंगायला लावत आणि माझ्या उत्तरानंतर मान हलवत, "वास बरोबर आहे. म्हणजे चूक माझ्या हाताची."

मी सरांचं नाक झालो होतो. आणि नाकाला ओशाळं होता येत नाही हे त्यांचं वाक्य मी शब्दशः खरं करून दाखवत होतो.

ऑक्टोबरात वेल फुलतो. एक दिवस एकट्यानं जाऊन नवी नवरी आणायची आणि गुपचूप नळी बदलायची, असा माझा बेत. गेलो. साबणानं स्वच्छ आंघोळ करून, तेल लावून, कारण अक्कलकुव्याला ओळखीचे लोक भेटतात. बोट सुटली उशिरा, कारण मी उठलो उशिरा. उतारावर पोचलो तेव्हा अकरा वाजले होते. ती फुलं पहाटे उघडतात आणि दहाला मिटतात. अख्खा वेल मुठी आवळून बसला होता. बोटवाला म्हणाला, "तुमचे ते वासाचे साहेब कुठेत? ते असते तर आठलाच आणलं असतं तुम्हाला." दुसऱ्यांदा मी गेलो नाही. कारण सांगण्यासारखं नाही, म्हणून सांगतो: कंटाळा केला.

डिसेंबरात एका सकाळी सरांनी त्यांची वही काढली. ते वहीत पेनानंच लिहीत. चुकलं तर एक आडवी रेघ, खालचं वाचता आलं पाहिजे. खोडरबराला खोलीत बंदी. सुईचं चित्र त्या वहीत होतं, शेजारी तारीख आणि 'नवी असावी'. सरांनी पट्टी लावून त्या चित्रावर सरळ रेघ मारली आणि खाली लिहिलं, 'पाहण्यात चूक झाली. तेव्हाच प्रकृती बरी नसावी.' मग त्या जाणकारांना पत्र: आपला वेळ घेतला, क्षमस्व.

आणि मग माझ्याकडे वळून, "तुन्हाबी टाईम मी वाया घाला, राजा."

मी म्हणालो, "नाही हो सर, असं काही नाही."

यापेक्षा खालच्या दर्जाचं वाक्य मी आजवर बोललेलो नाही, आणि बोलायला मी भरपूर बोलतो.

मे महिन्यात सर निवृत्त झाले. जाताना त्यांनी माझ्यासाठी शिफारसपत्र लिहिलं. ते पुढे मुलाखतीत मोठ्यानं वाचलं गेलं, लोक हसले, आणि मला सरांचीच जागा मिळाली, कायमची. त्यात एक वाक्य होतं: 'उमेदवाराचं नाक विश्वासू आहे.'

चार वर्षं मी त्या खुर्चीवर बसलो. एवढं एक केलं, की काठीचा नवरा मरू दिला नाही. दर दोन महिन्यांनी ताज्या जेलीवर. पट्टी तीच, 'चि.'. चांगुलपणा म्हणून सांगत नाही. त्याला मारायची हिंमत नव्हती, एवढंच.

यंदा ऑक्टोबरात अक्कलकुव्याला चहा पीत होतो. हायवेच्या कडेला डोंगरातली एक बाई पाटीभर सीताफळं घेऊन बसली होती, उन्हानं दोन-तीन फुटलेली. तो वास आला आणि माझा चहा ग्लासातच राहिला. पाटीतली निम्मी सीताफळं मी घेतली आणि सरळ सरांचं गाव गाठलं. वाटेत काठीच्या नवऱ्याची नळी कॉलेजातून घेतली, शर्टाच्या खिशात.

सर ओसरीत डोळे मिटून बसले होते. काकू समोर, मांडीत चार बाटल्या. डॉक्टरांनी सांगितलेला व्यायाम: रोज चार वास घ्यायचे, नाक परत शिकतं म्हणे. काकूंनी एक बाटली त्यांच्या नाकाखाली धरली.

"लवंग," सर म्हणाले.

"चुकनं. रॉकेल."

दुसरी धरली. सरांनी बराच वेळ घेतला. "कापूर?"

"चुकनं. लिंबू."

चार वर्षं रोज हे चाललंय, असं नंतर कळलं. चार वर्षं रोज काकू 'चुकनं' म्हणतात आणि सर दुसऱ्या दिवशी पुन्हा डोळे मिटतात. कधीतरी महिन्यातून एकदा 'बरोबर' येतं, आणि त्या दिवशी घरात शिरा होतो.

मी पिशवी पुढे केली. काकूंनी आत पाहिलं. "सीताफय? यास्ले?" आणि माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की मला माझी अक्कल पुन्हा एकदा स्पष्ट दिसली. ज्या माणसाला वास येत नाही त्याच्यासाठी मी अख्ख्या जिल्ह्यातून सुगंधी वस्तू शोधून आणली होती.

"बस राजा," सर म्हणाले. "कसं काय येणं?"

बसलो असतो तर बोलू शकलो नसतो, म्हणून उभ्यानंच सांगितलं. कुकर, डबा, पुडी, पट्ट्या. रोजचं सीताफळ. मिटलेली फुलं. सांगताना मध्येच मला माझं वर्णन रंगतंय असं जाणवलं, फलक आणि शिडी आली तेव्हा तर मी हातवारेही केले. काकूंनी एकदा नुसतं "हं" केलं आणि माझे हात खाली आले.

सर उठले आणि आत गेले. आत ट्रंक उघडल्याचा आवाज आला. काकू बाटल्यांची बुचं एकेक करून घट्ट लावत होत्या, लागलेली असूनही.

सर वही घेऊन आले. ते पान काढलं. चित्र, त्यावरची सरळ रेघ, खालची ओळ. वही माझ्या पुढ्यात ठेवली, वर पेन.

"लिख."

"काय लिहू सर?"

"जे झालं ते. तारखेसकट. माझ्या अक्षरात तुझं खोटं आहे इथे, चार वर्षं. त्याच्याखाली तुझ्या अक्षरात खरं लिही."

मी लिहिलं. तीन ओळी झाल्या. एक शब्द चुकला, त्यावर एक आडवी रेघ मारली. सरांनी वाचलं. मग चित्रावर बोट ठेवलं.

"म्हणजे सुई होती," ते म्हणाले. माझ्याशी नाही, काकूंशी. "मी पाहिली ती होती."

"मी कव्हय नही म्हनी व्हती?" काकू म्हणाल्या.

सरांनी डोळे पुसले, मग माझ्याकडे वळले. त्यांनी चार शिव्या दिल्या असत्या तर मी त्या घरी घेऊन गेलो असतो. "पाच महिने मी माझ्या डोळ्याला खोटं ठरवलं," ते म्हणाले. "नाक गेलं होतंच. डोळा उरला होता, राजा. तोपण तू काढून नेलास." आणि मग, जसा काही मधला काळ गेलाच नाही, "नवरा जित्ता शे का?"

मी खिशातून नळी काढून दिली. त्यांनी 'चि.'ची पट्टी अंगठ्यानं चाचपली, नळी सवयीनं नाकाखालून नेली, काही आलं नाही, तरी नेली.

"वेल फुलना व्हई," ते म्हणाले. "सकायले निंघुत. पहाटेची बोट. आठच्या आत तठे."

"यास्ले दम लागस, अन् डोंगर चढतस," काकू म्हणाल्या, पण उठून थर्मास शोधायला लागल्या होत्या.

माझ्या अंगात एकदम उत्साह संचारला. मला वाटलं, झालं, माफ झालं. मी म्हणालो, "सर, बॅग मी उचलतो, वेलापर्यंत मी चढतो, आणि यावेळी वास अगदी खरा सांगतो. शपथ."

काकू थर्मास हातात घेऊन दारात थांबल्या.

"वास मी सांगसू," त्या म्हणाल्या. "तू बॅग उचल. तुन्हापेक्षा तो कोरोना बरा, भो. यास्नं नाक लई गया, पन रोज सकाय ईसन खोटं त नही बोलना."